उकिरड्यापासून वाफ्यापर्यंत : ओल्या कचऱ्याचे खत आणि भाजीपाल्याचे पोषण

उकिरड्याचेही पांग बारा वर्षांनी फिटते, अशी म्हण मराठीत पूर्वापार चालत आली आहे. ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही त्याचाही दिवस कधी ना कधी उजाडतो, हा तिचा रूढ अर्थ. परंतु ज्या शेतकरी समाजात ही म्हण घडली त्याला उकिरड्याचे मोल प्रत्यक्ष व्यवहारातही ठाऊक होते. घरामागच्या खड्ड्यात वर्षभर साचलेले शेण, राख, केरकचरा, भाज्यांचे देठ आणि खरकटे उन्हाळ्याच्या अखेरीस गाडीत भरून शेतात नेले जाई व मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी जमिनीत मिसळले जाई. शेतातून घरात आले ते पुन्हा शेतात गेले, असा तो सरळ हिशेब होता.

शहरे वाढली तसा हा हिशेब मोडला. जुन्नर, नाशिक या भागांतून निघालेली मेथीची व कोथिंबिरीची जुडी पहाटे वाशीच्या बाजारात उतरते. त्या जुडीबरोबर त्या त्या शेतातील नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह यांचा काही अंश शहरात येतो. जुडीतला खाण्याजोगा भाग पानात जातो. देठ, मुळे, पिवळी पाने आणि ताटातले उरलेले अन्न कचऱ्याच्या डब्यात जाते. तेथून पुढे ते शेताकडे वळत नाही. प्लॅस्टिक, काच आणि चिंध्या यांच्याबरोबर ते कचराभूमीवर जाऊन पडते. मुंबईतील देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आली. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर पसरून राहिला होता व परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. अशा आगींचे मूळ पुष्कळदा ढिगाच्या पोटात असते. हवा न मिळता सडणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू निर्माण होतो, तो साचून राहतो आणि ठिणगी पडताच पेट घेतो. म्हणजे जे द्रव्य वाफ्यात पालक पोसण्यास उपयोगी पडले असते, तेच शहराच्या सीमेवर राहणाऱ्या मुलांच्या छातीत धूर होऊन शिरते. आपल्या शहरांच्या घरगुती कचऱ्यात सुमारे निम्मा भाग कुजण्याजोगा असतो, हे लक्षात घेता ही हानी किरकोळ म्हणता येणार नाही.

इंदूरचा प्रयोग आणि पुढील वाटचाल

कचऱ्यापासून खत करण्याच्या कलेला शास्त्राची बैठक देण्याचे काम भारतात ज्या ठिकाणी झाले त्यांत इंदूरचे स्थान पहिले आहे. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत रुजू झाले. भारतीय शेतकऱ्याला शिकविण्यासाठी ते आले होते. परंतु त्याच्याकडून आपणच शिकलो, असे ते पुढे मोकळेपणाने सांगत. १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत त्यांनी शेतातील काडीकचरा, जनावरांचे शेण आणि गोठ्यातील मूत्रमिश्रित माती यांचे थर रचून, ठराविक अंतराने ढीग उलटापालटा करून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची पद्धती बसविली. तीच ‘इंदूर पद्धती’ म्हणून जगभर गेली. १९३१ मध्ये ह्या प्रयोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचेही नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचा उल्लेख सर्वत्र आढळतो; वाड यांचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते. रासायनिक पृथक्करणाची मेहनत ज्यांच्या हातून होते त्यांच्या वाट्याला बहुधा असेच येते.

त्यानंतर १९३९ च्या सुमारास बंगलोर येथे चि. ना. आचार्य यांनी शहरातील कचरा व मैला चरांत थराथराने भरून, वारंवार न उलटता खत करण्याची रीत पुढे आणली. तिला वेळ अधिक लागतो, पण मनुष्यबळ कमी लागते. म्हणून अनेक नगरपालिकांनी ती स्वीकारली. महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या टाक्याची पद्धत तयार केली. त्यांच्याच नावाची आद्याक्षरे घेऊन ती ‘नाडेप’ या नावाने ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा टाक्याच्या भिंतींत हवेसाठी भोके ठेवावयाची, काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर भरावयाचे, वरून शेणमातीने लिंपून घ्यावयाचे. तीन ते चार महिन्यांत थोड्या शेणातून पुष्कळ खत हाती येते. शेणाची टंचाई असलेल्या कोरडवाहू भागाला ही पद्धत मानवली, यात नवल नाही.

ह्यांतील बहुतेक पद्धती मुख्यतः शेतावरील काडीकचऱ्यासाठी होत्या. स्वयंपाकघरातील कचऱ्याची जात थोडी निराळी असते, आणि घरोघरी होणाऱ्या प्रयोगांत जी निराशा पदरी येते तिचे कारण बहुतेक वेळा हा फरक न ओळखण्यात असते.

कुजणे आणि सडणे

मराठीत ‘कुजणे’ आणि ‘सडणे’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. खत करणाऱ्याने मात्र त्यांत भेद केला पाहिजे. हवेच्या सान्निध्यात सूक्ष्म जीव सेंद्रिय पदार्थ फोडतात, त्यातून उष्णता, पाणी व कर्बवायू बाहेर पडतो आणि मागे काळसर, भुसभुशीत, मातीच्या वासाचा पदार्थ उरतो; हे कुजणे. हवा मिळाली नाही म्हणजे दुसऱ्याच जातीचे जीव प्रबळ होतात, आंबट व कुजट वासाची द्रव्ये तयार होतात, पाणी सुटते, माश्या येतात, हे सडणे. पहिल्यातून खत मिळते, दुसऱ्यातून शेजाऱ्यांशी भांडण.

स्वयंपाकघरातील कचऱ्यात सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असते. तो मऊ असतो, त्यामुळे स्वतःच्याच भाराने दबतो आणि आतील हवेच्या वाटा बुजतात. शिवाय त्यात कर्बाच्या मानाने नत्र अधिक असते. सूक्ष्म जीवांना एक भाग नत्रामागे पंचवीस ते तीस भाग कर्ब मिळाला म्हणजे त्यांचे काम सुरळीत चालते. भाज्यांचे देठ, चहाचा चोथा, डाळीचे उरलेले पाणी यांत हे प्रमाण पंधरा-वीसच्या आसपास भरते. जादा नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जाते. डब्याजवळ नाकाला झोंबणारा वास आला की खताचा एक मौल्यवान भाग आपल्या डोळ्यांदेखत निघून चालला आहे, असे समजावे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडली आहे.

दोन्हींवर उपाय एकच आणि तो फुकट मिळणारा आहे : वाळलेला पालापाचोळा. एक बादली ओल्या कचऱ्यास एक ते दोन बादल्या चुरलेला पाला, वाळलेले गवत, भाताचे तूस किंवा नारळाच्या शेंड्यांचा चुरा मिसळला म्हणजे पाणी शोषले जाते, हवेला वाट राहते आणि कर्बाची तूट भरून निघते. लाकडाचा भुसा वापरावयाचा तर बेतानेच, कारण त्यात कर्ब फारच जास्त असून तो सावकाश कुजतो. ज्या गृहसंस्थांच्या आवारात झाडांचा पाला सकाळी झाडून पेटवून दिला जातो आणि त्याच आवारात ओला कचरा कुजत नाही म्हणून तक्रार होते, तेथे रोग आणि औषध शेजारी शेजारी ठेवून दोहोंची विल्हेवाट वेगवेगळी लावली जाते, असेच म्हणावे लागते.

घरगुती प्रमाणावर तळाशी व बाजूंना भोके पाडलेले पिंप, मातीची मोठी कुंडी किंवा विटांचे कोरडे रचलेले टाके पुरेसे होते. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर घालावा. विरजण म्हणून मूठभर जुने खत, नसल्यास शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडावे. कचरा बारीक चिरून टाकल्यास लवकर कुजतो; कलिंगडाची अखंड साल महिनाभर तशीच पडून राहते. प्रत्येक वेळी कचऱ्यावर सुक्या पाल्याचा थर टाकून तो झाकला गेलाच पाहिजे. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करावे. ओलाव्याची परीक्षा सोपी आहे. मूठभर मिश्रण घट्ट पिळले असता दोन-चार थेंब पडावेत. धार लागली तर पाला घालावा, काहीच आले नाही तर पाणी शिंपडावे. मोठ्या ढिगात तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. त्यात खुपसून ठेवलेली लोखंडी सळई दहा मिनिटांनी काढली तर हाताला चटका बसतो. अशा उष्णतेत रोगजंतू व तणांचे बी नष्ट होते. घरातील लहान पिंप एवढे तापत नाही. पहिल्या वर्षी परसात कोणीही न लावलेली टोमॅटोची आणि भोपळ्याची रोपे जागोजाग उगवतात, ती ह्यामुळेच. गृहिणींना त्याचे कौतुक वाटते. ते वाटू द्यावे, पण खत पुरते तापले नव्हते ही नोंदही मनात ठेवावी.

कधी कधी पिंपात पांढरट-तपकिरी, वळवळणाऱ्या जाड अळ्या दिसतात व घरातील माणसे घाबरतात. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. त्या ओला कचरा झपाट्याने फस्त करतात आणि पिकांस अपाय करीत नाहीत. कुंडीतल्या तयार खतात आढळणारी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची हुमणी मात्र मुळे कुरतडते. ती वेचून काढलेली बरी.

वर्षाचा हिशेब

पाच माणसांच्या कुटुंबातून दररोज सुमारे एक किलो ओला कचरा निघतो, असे धरून चालू. वर्षाला तो साडेतीनशे किलोंच्या वर जातो. पाण्याचा अंश उडून व कर्ब जळून त्याचे वजन चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. म्हणजे सत्तर ते नव्वद किलो खत तयार होते. ह्या खतात नत्राचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास धरल्यास वर्षाला पाऊण ते एक किलो नत्र घरच्या घरी मिळते. युरियाच्या ४५ किलोंच्या पिशवीत सुमारे २१ किलो नत्र असते. तेव्हा एका घराचा वर्षाचा कचरा म्हणजे युरियाच्या पिशवीचा विसाव्या हिश्शाहूनही थोडा कमी भाग होय.

हा आकडा पाहून कोणी हसेल. परंतु तो लपविण्यात अर्थ नाही. ओल्या कचऱ्याच्या खताने राज्याची खताची गरज भागेल, असे जे उत्साहाच्या भरात सांगितले जाते ते खरे नव्हे. ह्या खताचे सामर्थ्य नत्राच्या किलोंत नसून अन्यत्र आहे. भाजीपाल्याला हेक्टरी वीस ते पंचवीस टन शेणखत द्यावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते; म्हणजे एका चौरस मीटरला दोन-अडीच किलो. त्या मानाने ऐंशी किलो खत तीस ते चाळीस चौरस मीटर जमिनीला, म्हणजे गुंठ्याच्या एक तृतीयांश भागाला पुरते. एवढ्या परसात पालक, माठ, चुका, मेथी यांचे वाफे, कडेला मिरची-वांग्याची रोपे, कुंपणावर दोडका व कारले आणि सांडपाण्याच्या वाटेवर अळू, असा संसार मावतो. एका घरातून निघालेला कचरा त्या घराच्या परसाला नेमका पुरा पडावा, हा योगायोग मोठा सोयीचा आहे.

खतातून भाजीत काय उतरते

खत घातले की भाजी अधिक पौष्टिक होते, हे विधान सरसकट करता येत नाही. पालकात लोह किती असावे, गाजरात केरोटीन किती असावे, हे मुख्यतः त्या वनस्पतीच्या जातीवर अवलंबून असते. मात्र जमिनीत एखादे द्रव्य नसेल, किंवा असूनही मुळांना घेता येत नसेल, तर वनस्पतीही ते आणणार कोठून? येथे सेंद्रिय खताचा खरा उपयोग दिसून येतो.

पठारावरील व विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या जमिनी बहुधा चुनखडीयुक्त व विम्लधर्मी असतात. त्यांत लोह व जस्त असते, परंतु ते अविद्राव्य रूपात अडकून पडते. नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, की लोहाची कमतरता ओळखावी. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतील आम्ले लोह व जस्त यांना धरून ठेवतात आणि मुळांना घेता येईल अशा रूपात उपलब्ध करून देतात. कमतरता अधिक असेल तेथे लोह व जस्त यांची सल्फेटे थेट जमिनीत न टाकता ती कुजलेल्या खतात काही दिवस मुरवून द्यावीत, अशी शिफारस कृषी तज्ज्ञ करतात. घरच्या खतालाही ती लागू पडते. कोकणातील जांभ्या जमिनींची कथा याच्या उलट. तेथे लोह मुबलक, जमीन आम्लधर्मी, चुना कमी आणि स्फुरद मातीत अडकून बसणारा. तेथे खतात थोडी लाकडाची राख व अंड्यांच्या टरफलांची पूड मिसळणे उपयोगी ठरते. तीच पूड सोलापूरच्या काळ्या मातीत घालून काही साधत नाही. टोमॅटोच्या बुडाशी काळा डाग पडतो तो चुन्याच्या अभावाने पडतो हे खरे. परंतु काळ्या जमिनीत चुना भरपूर असतो, पाणी कधी जास्त तर कधी कमी मिळाल्याने तो फळापर्यंत पोहोचत नाही एवढेच. टरफले पेरण्यापेक्षा पाण्याच्या पाळ्या नियमित केल्यास तो डाग थांबतो.

केळीच्या साली पालाशने समृद्ध असतात आणि चहाच्या चोथ्यात नत्र बरेच असते. पण म्हणून केळीची साल तशीच गुलाबाच्या बुंध्याशी पुरणे किंवा साखर-दुधाचा चहा कुंडीत ओतणे, ह्या प्रकारांनी मुंग्या आणि बुरशी यांचीच सोय होते. चोथा धुऊन, वाळवून, खताच्या डब्यात टाकावा.

अति खतही बाधते. नत्र जास्त झाले म्हणजे पालेभाज्या गर्द हिरव्या व टवटवीत दिसतात, परंतु त्यांच्या पानांत नायट्रेटचे प्रमाण वाढते. ते आरोग्याला हितकारक नाही. दिसायला सुंदर आणि खाण्याला चांगली, ह्या दोन गोष्टी भाजीच्या बाबतीत नेहमी एकच नसतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. परसातील चार वाफ्यांनी हे दुखणे संपेल, असा दावा कोणीही जबाबदार माणूस करणार नाही. पण पालेभाजीतील ‘क’ जीवनसत्त्व खुडल्यानंतर प्रत्येक दिवशी घटत जाते आणि वनस्पतिजन्य लोह अंगी लागण्यास ‘क’ जीवनसत्त्वाची मदत लागते. ज्या घरात दाराशी माठ-पालक आहे तेथे भाजी खुडल्यावर तासाभरात चुलीवर चढते. बाजारभाव वाढले म्हणून ज्या घरातील स्त्री स्वतःच्या ताटातली भाजी आधी कमी करते, त्या घराला ह्याचे महत्त्व आकडेवारीवाचून समजते.

मिठाचा प्रश्न

ओल्या कचऱ्याच्या खतात जो दोष सर्वांत उशिरा लक्षात येतो तो मिठाचा. देठ आणि साली यांत मीठ नसते. आमटी, लोणचे, पापड, उरलेली भाजी यांत ते असते. कचरा कुजून त्याचे वजन कमी होते, मीठ मात्र कुजत नाही. ते तेवढेच राहून खतात एकवटते. कुंडीत ही गोष्ट अधिक जाणवते, कारण तेथे पावसाने क्षार धुऊन जाण्यास वाव कमी. घेवडा मिठाला फार नाजूक, त्याची पाने कडेने करपू लागतात. बीट बरेच सोसते आणि पालक मध्यम. शिजलेले अन्न खतात टाकावयाचे तर पाण्याने धुऊन, निथळून टाकावे व त्याचे प्रमाण कच्च्या कचऱ्याच्या मानाने थोडेच ठेवावे. तेल-तूप लागलेले पदार्थ हवेला अडवतात. मांस-मासळी उंदीर-घुशींना आमंत्रण देते. घरगुती पिंपात ती न टाकलेली बरी.

खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली शहरी कंपोस्टला जी मानके लावण्यात आली त्यांत कर्ब-नत्र गुणोत्तर वीसच्या आत आणि क्षारता दर्शविणारी विद्युतवाहकता मीटरला ४ डेसीसीमेनच्या आत असावी, अशी अट आहे. शिसे, कॅडमियम, पारा यांसारख्या जड धातूंवरही मर्यादा घातली आहे. ह्या धातूंचा उगम देठा-सालींत नसून त्यांच्याबरोबर टाकलेल्या बॅटऱ्या, रंगांचे डबे व विजेचे मोडके सामान यांत असतो. मिश्र कचऱ्याचे खत नंतर कितीही चाळले तरी त्यातील जस्ताचे-शिशाचे बारीक कण चाळणीत अडकत नाहीत. कचरा घरातच वेगळा करावा, असा जो आग्रह धरला जातो त्याच्यामागे केवळ शिस्तीची आवड नसून हे कारण आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक अशी वर्गवारी निर्मितीच्या ठिकाणीच करणे बंधनकारक केले. पुण्यात १९९३ मध्ये संघटित झालेल्या कागद-काच-पत्रा कष्टकऱ्यांनी आणि पुढे २००८ मध्ये त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने हीच वर्गवारी दारोदार जाऊन रुजविली. त्या स्त्रियांच्या हातांनी वेगळा झालेला कचरा खत होण्याच्या लायकीचा होतो, ही गोष्ट खताच्या पिशवीवर कोठे छापलेली नसते. महाराष्ट्र शासनाने नागरी संस्थांच्या अशा कंपोस्टसाठी २०१७ मध्ये ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हे नाममुद्रांकन सुरू केले. मानकांत उतरलेल्या खतालाच ते वापरता यावे, हा त्यामागील उद्देश.

वायू आणि रबडी

शिजलेल्या अन्नासाठी खताच्या ढिगापेक्षा बायोगॅसची वाट अधिक चांगली. येथे हवा मुद्दामच बंद ठेवावयाची असते. जे सडणे ढिगात नको असते तेच बंद टाकीत इंधन देते. पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पिष्टमय खरकट्यावर चालणारे छोटे घरगुती संयंत्र विकसित केले. शेणापेक्षा अन्नात ऊर्जा कितीतरी अधिक असते, कारण शेण म्हणजे जनावराने आधीच वापरून टाकलेले अन्न, हा त्यामागील साधा पण दुर्लक्षित विचार होता. ह्या संयंत्राला २००६ मध्ये ब्रिटनमधील ॲश्डेन पारितोषिक मिळाले. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात कचऱ्याचा लगदा प्रथम गरम पाण्याच्या साहाय्याने हवेशीर टाकीत फोडला जातो आणि नंतर मिथेनच्या टाकीत सोडला जातो. त्यामुळे उपाहारगृहे व मंडया यांचा मोठ्या प्रमाणावरील कचरा हाताळता येतो.

वायू निघून गेल्यावर जी रबडी उरते तिच्यात नत्र जवळजवळ पूर्वीइतकेच राहते, आणि त्यातील बराच भाग पिकाला तत्काळ मिळणाऱ्या अमोनियाच्या रूपात असतो. म्हणूनच ती दुधारी आहे. पाणी न मिसळता रोपाच्या बुंध्याशी ओतल्यास मुळे भाजतात. उन्हात उघड्यावर पसरल्यास नत्र उडून जाते. चार-पाच पट पाणी मिसळून, सायंकाळी, बुंध्यापासून वीतभर अंतरावर आळ्यात द्यावी व लगेच माती ओढावी. कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर ती शिंपडू नये.

गच्चीवरील मळा

जमीन नसलेल्या शहरी माणसाला हे सर्व परके वाटण्याचा संभव आहे. त्यासाठी मुंबई बंदरातील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात दररोज सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांचे जेवण तयार होत असे. त्यातून निघणाऱ्या कचऱ्याचे काय करावे, ह्या अडचणीतून २००२ मध्ये त्याच इमारतीच्या सुमारे तीन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तेथील भोजनव्यवस्थेच्या अधिकारी व कर्मचाऱ्यांनी खतनिर्मिती सुरू केली आणि त्या खतावर भाज्या व फळझाडे वाढविली. त्यांच्या पद्धतीचे मूळ कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’त सापडते. शेतकऱ्याने दुसऱ्याच्या शिफारशीवर विसंबून न राहता आपल्याच शेतात मोजमाप करून प्रयोग करावेत, सूर्यप्रकाश आणि पालापाचोळा हे भांडवल समजावे, असे त्यांचे सांगणे होते. गच्चीवर वजनाची मर्यादा असते. मातीने भरलेला वाफा स्लॅबला जड होतो. कुजलेला पाला व कचरा यांचे हलके मिश्रण वापरल्याने ही अडचण दूर होते. तरीही पाणी झिरपू नये म्हणून गच्चीची तपासणी आधी करून घेणे आवश्यक आहे. ह्या कामात उत्साहाच्या भरात खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचा विसर पडण्याची उदाहरणे थोडी नाहीत.

खत तयार झाले की नाही, हे रंगावरून ठरवू नये. काळे दिसणारे कच्चे खत वाफ्यात गेले तर ते मातीतले नत्र स्वतःच्या कुजण्यासाठी ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात. मूळ पदार्थ ओळखू येऊ नये, हात घातला असता ऊब लागू नये, आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास यावा. शंका असल्यास एका थाळीत खत व दुसरीत माती घेऊन दोन्हींत मेथीचे वीस-वीस दाणे पेरावेत. दोन्हींकडे सारखे उगवले तर खत वापरण्यास योग्य. होळीच्या सुमारास भरलेले पिंप मृगाच्या तोंडावर अशा परीक्षेस तयार होते. वेलभाज्यांची आळी तोवर खणून उन्हात तापलेली असतात; प्रत्येक आळ्यात दोन पाट्या खत व त्यावर बोटभर मातीचा थर घालून पहिल्या दमदार पावसानंतर दोडक्याचे, कारल्याचे व काकडीचे बी टोचावे. पिंप रिकामे करताना तळाशी चार ओंजळी खत विरजणासाठी राखून ठेवावे आणि पावसाचे पाणी आत जाणार नाही असे झाकण घालून त्यावर त्याच दिवशीच्या कचऱ्याचा पहिला थर द्यावा.